सव्वाअकरा वाजता शहर संपलं

सव्वाअकरा वाजता शहर संपलं. माझ्या हिशेबानं ते संध्याकाळी पाचपर्यंत पुरायला हवं होतं.

"मॅडम, आता पुढे काय?" मालतीआत्यांनी विचारलं. त्यांच्यामागे चौतीस पाहुणे उभे होते. सगळ्यांचं सगळं बघून झालेलं.

मी लंडनजवळच्या रीडिंगला राहते आणि एका वेडिंग प्लॅनिंग कंपनीत 'गेस्ट एक्स्पीरियन्स' बघते. म्हणजे लग्न सोडून बाकीचं सगळं. पाहुणे पोचल्यापासून लग्न लागेपर्यंतच्या रिकाम्या वेळाला आमच्याकडे 'डेड टाइम' म्हणतात. तो भरणं हे माझं काम.

लग्न गुरुवारी होतं, वेल्समध्ये. वेल्स देश नव्हे. सॉमरसेटमधलं वेल्स, इंग्लंडातलं एक चिमुकलं शहर. कॅथीड्रल आहे म्हणून त्याला सिटी म्हणायचं, नाहीतर आपल्याकडे बाजाराचं गाव म्हटलं असतं. हे मी तीनदा समजावलं, तरी एका काकांनी फॅमिली ग्रुपवर 'वेल्स देशातून सुप्रभात' टाकलंच.

नवरी सई, कॉव्हेंट्रीत जन्मलेली; तिचं मराठीही तिथलंच. नवरा जेम्स, इथलाच. पाहुणे बहुतेक साताऱ्या-पुण्याहून आलेले. बुधवारचा अख्खा दिवस माझ्या ताब्यात होता. हॉटेलात हॉल सजत होता आणि पाचच्या मेंदीपर्यंत तिकडे कोणी फिरकू नये, असं हॉटेलनं बजावलं होतं.

कॅथीड्रलला मी दोन तास दिले होते. पाहुण्यांनी चाळीस मिनिटांत उरकलं. तिथल्या जुन्या घड्याळात दर पाव तासानं लाकडी घोडेस्वार फिरतात आणि दर वेळी तोच एक बिचारा आडवा होतो. ते दोनदा बघून झालं. "याला कोणीतरी रजा द्या हो," काका म्हणाले. बिशपच्या वाड्याभोवती खंदक आहे. तिथले हंस घंटा वाजवून खायला मागतात. त्या दिवशी हंसांना भूक नव्हती.

मी सगळ्यांना मार्केट प्लेसमध्ये आणलं. बुधवार म्हणजे बाजाराचा दिवस. पाहुणे स्टॉल्समध्ये पांगले. मालतीआत्या मात्र बाकावर बसल्या. सईच्या वडिलांच्या, शरदरावांच्या त्या थोरल्या बहीण, साताऱ्याच्या निवृत्त मुख्याध्यापिका.

"दमलात का, आत्या?"

"दमायला काय झालंय? मी पाहुणी आहे, हे आज कळलं."

मी शेजारी बसले.

"आई गेली तेव्हा शरद सहा वर्षांचा होता," त्या म्हणाल्या. "मी वाढवलाय त्याला. त्याच्या लेकीचे हार मी करीन, असं मी कळवलं होतं. उत्तर काय आलं माहितीय? 'काइंडली रिलॅक्स अँड एन्जॉय. ऑल फ्लोरल रिक्वायरमेंट्स आर टेकन केअर ऑफ.' खाली सही कोणाची होती?"

मला आठवलं. ते वाक्य मी सगळ्यांनाच पाठवते.

"माझी," मी म्हटलं.

"तुमचीच. तर उद्या मी रिलॅक्स करणार आहे. शेवटच्या रांगेत."

मी माफी मागितली. त्यांनी ती ऐकली आणि फळांच्या स्टॉलकडे बघत बसल्या. शरदरावांना हे कसं सांगायचं, या विचारात मी असतानाच सईचा फोन आला.

"वैशालीताई, हार आला. जेम्सच्या डोक्यातून जातच नाही! आणि आत्या कुठे आहे? आत्या माझ्यावर रागावला का?"

मागोमाग फोटो आला. सहा फूट चार इंचांचा जेम्स, आणि त्याच्या कानांशी अडकलेलं फुलांचं जाडजूड कडं. ऑपरेशननंतर कुत्र्याला कॉलर घालतात, अगदी तसं.

मी फोटो आत्यांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो नीट बघितला.

"किती इंच सांगितलं होतंत?"

"तीस."

"लांबी की घेर?"

मला गळ्यापासून खालपर्यंतची लांबी म्हणायची होती. ऑर्डरमध्ये मी नुसतं 'तीस इंच' लिहिलं होतं. फ्लोरिस्टनं फुलांच्या जाडीसकट तीस इंचांचा घेर केला. तिची काही चूक नव्हती.

"मी एकतीस वर्षं गणित शिकवलं," आत्या म्हणाल्या. "एकक न लिहिणाऱ्यांपेक्षा माप कशाचं ते न लिहिणारे जास्त असतात."

"आत्या, कराल का हार?"

त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग पिशवी उचलली. "फुलं कुठे मिळतात इथे?"

मी माझ्या बॉसला, हेलनला फोन केला.

"पाहुण्यांना कामाला लावायचं नाही," ती म्हणाली. "इन्शुरन्सचं काय?"

"सुई-दोऱ्याचा इन्शुरन्स?"

"मला काही सांगू नकोस," ती म्हणाली. मी त्याचा अर्थ होकार असा घेतला.

जेम्सची आजी डोरोथी इथल्याच एका चर्चमध्ये फुलं सजवते. जेम्सनं तिला फोन केल्यावर ती चर्चच्या पॅरिश हॉलची किल्ली आणि वायरचं रीळ घेऊन आली. आम्ही बाजारातली सगळी पांढरी शेवंती आणि गुलाबी कार्नेशन्स उचलली. हॉलमध्ये लांब टेबलं जोडली. मग जे सकाळपासून मला जमलं नव्हतं, ते दहा मिनिटांत झालं: चौतीसच्या चौतीस माणसं एका जागी बसली. काका देठ खुडायला बसले आणि दोरा एकेरी की दुहेरी यावर वाद घालायला लागले.

डोरोथीनं सवयीनं वायर काढली. आत्यांनी ती हळूच तिच्या हातातून घेतली. "नो वायर. इट विल पोक द बॉय."

डोरोथीनं सुई घेतली. पहिली दहा फुलं वाकडी गेली. आत्यांनी ती उसवायला लावली. डोरोथीनं निमूटपणे उसवली.

मी मदतीला वाकले, तर आत्या म्हणाल्या, "तुम्ही बसा, वैशाली. काइंडली रिलॅक्स अँड एन्जॉय."

तीन वाजता सई आणि जेम्स आले. आत्यांनी जेम्सला खुर्चीवर बसवून टेपनं माप घेतलं, दोनदा. सई आत्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून उभी राहिली. "सुई आहे हातात, टोचेल," आत्या म्हणाल्या; पण बाजूला झाल्या नाहीत.

मेंदीला आम्ही चाळीस मिनिटं उशिरा पोचलो. दुसऱ्या दिवशी हार जेम्सच्या कमरेपर्यंत नीट आला. डोरोथीचा भाग कुठला, ते लांबूनही ओळखू येत होतं. आत्या शेवटच्या रांगेत नव्हत्या. सईच्या शेजारी हार धरून उभ्या होत्या, आणि आंतरपाट सरकायच्या आधी शरदरावांचे डोळे पुसायला आत्यांचाच रुमाल गेला.

हेलनला फोटो फार आवडले. तिनं लगेच ब्रोशरमध्ये 'गार्लंड वर्कशॉप' घातलं. पुढच्या लग्नात मी उत्साहानं लंडनमधल्या हाउन्सलोच्या पाहुण्यांपुढे सुया ठेवल्या. एक मावशी म्हणाल्या, "आम्ही मुश्किलीनं सुट्टी काढून आलोय, आणि तुम्ही कामाला लावताय?"

आता मी आधी ईमेल करून विचारते, तुम्हाला काय करायला आवडेल? निम्म्यांचं उत्तर येतं, 'काहीही चालेल.' या निम्म्यांना मी आता आवर्जून फोन करते. त्यांना काहीही चालत नाही.