चौकात लागलेले साडू

भित्री माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. माझा धंदाच विमा विकण्याचा असल्यामुळे भित्रा माणूस मला पंगतीतल्या जिलबीसारखा दुरून ओळखू येतो. पण भीतीचा तिन्ही पाळ्यांत चालणारा कारखाना काढलेला माणूस आख्ख्या पिंपरी-चिंचवडात एकच, आणि तो नेमका माझा साडू निघावा, हे माझं भाग्य. माझं लग्न झाल्यावर पहिल्याच दिवाळीत मी त्यांच्यापुढे पॉलिसीचा विषय काढला, तेव्हा त्यांनी मला हाताला धरून निगडीच्या त्यांच्या फ्लॅटच्या बाल्कनीत नेलं, दार लोटून घेतलं आणि कुजबुजत सांगितलं, "विमा काढला की यमाला पत्ता कळतो." एवढं चांगलं गिऱ्हाईक हातचं गेल्याचं दुःख मला अजून आहे.

या साडूंचा खरा कारखाना भोसरीत. पत्र्याची शेड, तीन-चार प्रेस मशीनं, आणि त्यांच्यावर दिवसभर ठोकून निघणारी एक पट्टी. गाडीचा सायलेन्सर जागेवर धरून ठेवते ती ही पट्टी. आजवर ती चाकणच्या एका मोठ्या कंपनीत जायची आणि तिच्यावर साडूंचं घर आणि शेडमधली माणसं जगायची. धंदा कसा आहे असं कोणीही विचारलं, की साडू इकडेतिकडे बघून म्हणत, "चाललंय." बरा चाललाय असं म्हणण्याची त्यांची कधी छाती झाली नाही, न जाणो, कोणीतरी ऐकत असायचं. आणि ऐकणाऱ्यांत त्यांना सगळ्यात जास्त भीती सरकारची. सरकार रागावेल याची नव्हे, प्रसन्न होईल याची. लघुउद्योगांना भरघोस मदत, असं पेपरात आलं की हे दुपारीच शटर अर्धं खाली ओढत. मी एकदा विचारलं, "अहो साडू, चांगली बातमी आहे ना?" तर म्हणाले, "सरकार रागावलं तर माणूस वकील करतो. सरकारला आपली दया आली, तर जायचं कोणाकडे?"

अर्थसंकल्पाच्या दिवशी तर शेडमध्ये कडक सुतक असे. भाषण संपेपर्यंत एकही मशीन चालू करायचं नाही, असा त्यांचा दंडक. कारण विचारलं तर सांगत, की माणूस कानाने भाषण ऐकतो, मनाने हिशोब करतो आणि प्रेसखाली बोट विसरतो. कामगारांना हा सण फार आवडायचा. सोपान नावाचा परभणीकडचा त्यांचा जुना ऑपरेटर मशीनच्या सावलीत पोत्यावर आडवा होत म्हणे, "मालक, भाषण जरा लांबंल असं बघा." आणि परदेशच्या व्यापाराची भीती वेगळी. साडूंच्या पट्ट्या कधी चाकणच्या पुढे गेलेल्या नव्हत्या, पण त्या ज्या गाड्यांना लागत त्या बाहेर जात. तेव्हा बाहेरचे कोणी मोठे साहेब आयातीवर कर वाढवण्याची धमकी देऊ लागले, तसा साडूंनी मुलाच्या शाळेतला जुना पृथ्वीचा गोल केबिनमध्ये आणला आणि त्या साहेबांचा देश भिंतीकडे तोंड करून बसवला. येणाऱ्या-जाणाऱ्याला हिंदी महासागर तेवढा दिसायचा.

मग आल्या विजेच्या गाड्या. सरकारने त्यांना सवलती दिल्या, लोकांनी घेतल्या, आणि साडूंच्या आयुष्यात एक नवी दहशत शिरली, तिचं नाव शांतता. विजेच्या गाडीला सायलेन्सर नसतो, हे तुमच्या-माझ्यासाठी सामान्यज्ञान. साडूंसाठी ती मृत्यूची वार्ता. संध्याकाळी ते निगडीच्या बस टर्मिनसजवळ उभे राहून डोळे मिटून गाड्या ऐकत. एखादी खटारा रिक्षा फटफटत गेली की चेहऱ्यावर समाधान पसरे. शेजारून विजेची बस नुसती सळसळत निघून गेली की हे माझा दंड धरत. "ऐकलंत?" "काय?" "तेच ना. काहीच नाही."

आणि एका सकाळी चाकणच्या कंपनीने आपल्या सगळ्या माल पुरवणाऱ्यांना बोलावून सांगितलं, की जुनं मॉडेल बंद होणार. नवी गाडी विजेची. तिच्या बॅटरीखाली आधाराला बसणारे जाडजूड ब्रॅकेट ज्याला करता येतील त्याने मोठी प्रेस घ्यावी, बाकीच्यांचे आभार. साडू घरी आले ते जेवले नाहीत. त्यांनी शेडमध्ये कोणाला काही सांगितलंही नाही, पण ते कामगारांवर ओरडायचे थांबले आणि त्यावरून सगळ्यांना कळलं. सोपानने गुपचूप चाकणला दुसऱ्या कंपनीत बोलणं करून ठेवलं. पगार ठीक, पक्की नोकरी, फक्त महिन्याअखेर हजर व्हायचं होतं.

मोठ्या प्रेससाठी सरकारची एक कर्जयोजना होती, तारणाशिवाय. मी ती साडूंना समजावून सांगितली, तर ते आणखीच पांढरे पडले. "घर नको, दागिने नको, जमीन नको, तरी पैसे देतात. मग घेणार काय आहेत?" शेवटी ताई, म्हणजे माझी मेहुणी, वैतागून म्हणाली, "घेऊन जा हो यांना त्या उद्योजक मेळाव्याला. निदान पंख्याखाली बसून तरी घाबरतील."

आम्ही गेलो. साडूंनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि पळायला सोपं जावं म्हणून दाराजवळची खुर्ची धरली होती. तीच चूक झाली. व्यासपीठावर योजनेच्या एका यशस्वी लाभार्थ्याचा सत्कार व्हायचा होता आणि तो यशस्वी लाभार्थी चाकणच्या चौकात ट्रकांच्या मागे अडकून पडला होता. पाहुण्यांना पुढे जायचं होतं. आयोजकांपैकी एक घामाघूम तरुण दाराशी आला, त्याने साडूंचा शर्ट पाहिला आणि विचारलं, "काका, तुमचा स्वतःचा उद्योग आहे का?" साडू म्हणाले, "चाललंय." दुसऱ्या मिनिटाला ते व्यासपीठावर होते. खांद्यावर शाल, एका काखेत नारळ, आणि दोन्ही हातांत दरवाजाएवढा पुठ्ठ्याचा धनादेश. मी खालून खुणा करत होतो, की अहो, सांगा त्यांना. पण नाही म्हणायला धीर लागतो, आणि तो साडूंकडे कधीच नव्हता. फोटो निघाले. धनादेश आयोजकांनी परत घेतला, तो पुढच्या मेळाव्याला लागणार होता. नारळ मात्र आम्हाला मिळाला.

चार दिवसांनी मी थेरगावला एका गिऱ्हाइकाकडे गेलो होतो. डांगे चौकात वर पाहिलं तर साडू. चांगले दोन मजले उंच. खाली ठळक अक्षरांत, 'नोकरी मागणारा नव्हे, नोकरी देणारा.' भीतीने विस्फारलेले त्यांचे डोळे त्या फ्लेक्सवर साक्षात दूरदृष्टी वाटत होते. मी फोन केला, तर ते खोल विहिरीतून बोलल्यासारखे म्हणाले, "पिंपळे गुरवलाही आहे. हिने पाहिला. मी आता बाहेर पडत नाही." शेडचे जागामालक, भोसरीचे जुने गावकरी, मात्र खुशीत होते. भाड्याची आठवण करायला आलेले ते गृहस्थ खुर्चीत बसून म्हणाले, "आमी कवा म्हनलं न्हाई, पर मानूस मोठा हाय, ह्ये आमाला ठावं व्हतं," आणि भाडं न मागताच गेले. दारात नोकरी मागणाऱ्यांची रीघ लागली. साडू केबिनच्या टेबलाखाली काहीतरी शोधत असल्याचं सोंग करून बसत.

हे सगळं मी मोठ्या चवीने घरोघर सांगत सुटलो होतो, तोच एका रात्री जेवायच्या वेळी ताईने आम्हाला बोलावून घेतलं. साडू ताटावर बसले होते आणि भाताचे नुसते ढीग करत होते. ताई म्हणाली, "सोपानने चाकणची नोकरी नाकारली. फ्लेक्स बघून. मालकाला कर्ज मिळालं, आता मोठी मशीन येणार, मग आपण कशाला जायचं, असं म्हणाला."

सोपानची पोरगी यंदा बारावीला होती. मी म्हटलं, "मग साडू, त्याला खरं सांगून टाका."

"गेलो होतो सांगायला," साडू म्हणाले. "त्याने पेढे आणले होते."

"बरं, मग?"

"मी दोन खाल्ले."

ताट बाजूला सारून साडू म्हणाले, "माझ्याकडे बघून त्याने हातची भाकरी टाकली हो. माझ्याकडे बघून. आजवर माझ्याकडे बघून कोणी रस्तासुद्धा ओलांडलेला नाही."

दुसऱ्या दिवशी ते बँकेत गेले. मी बरोबर होतो, कारण एकटं जायला ते भीत होते. काउंटरपलीकडची तरुण अधिकारी त्यांच्याकडे टक लावून पाहत राहिली. "काका, तुम्ही ते चौकातले ना? तुम्हाला तर कर्ज मिळालंय." साडूंनी घसा साफ केला आणि म्हणाले, "फोटो आधी निघाला. कर्ज घ्यायला आता आलोय." ती खळखळून हसली, आणि माझा अंदाज आहे की त्या हसण्यामुळेच आमची फाईल ढिगाच्या वर राहिली. सह्या करताना साडूंची प्रत्येक सही वेगळी आली आणि सगळ्या पुन्हा कराव्या लागल्या. कर्ज मंजूर झालं, चाकणच्या कंपनीने ब्रॅकेटची ऑर्डर द्यायचं कबूल केलं. मोठी प्रेस आली. शेडचा अर्धा पत्रा काढून ती क्रेनने आत उतरवली तेव्हा साडू रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीमागे उभे होते.

गोष्ट इथे थांबली असती तर मी तुम्हाला ती टाळ्या वाजवत सांगितली असती. पण प्रेस बसली आणि महिन्याभरात परदेशच्या त्या साहेबांनी खरोखरच कर वाढवला. चाकणच्या कंपनीने नव्या गाडीचं काम जरा पुढे ढकललं. ऑर्डर रद्द नाही, म्हणाले, थांबा. किती, ते कोणीच सांगत नाही.

परवा मी शेडवर गेलो होतो. मोठी प्रेस एका बाजूला उभी, आणि सोपान जुन्या मशीनवर कुठल्याशा लोखंडी कपाटाच्या बिजागऱ्या ठोकत होता. फोन उचलायला घाबरणारे साडू आता सकाळी पिशवीत नमुने घालून एमआयडीसीतल्या गाळ्यागाळ्यांत जातात आणि मिळेल ते किरकोळ काम मागून आणतात. त्यातलं हे एक. साडू तेव्हा बाहेर गेले होते. सोपानने मशीन बंद केलं, हात पुसले आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "साहेब, एक बोलू का? मालकाला सांगू नका."

"बोल की."

"त्यो चेक पुठ्ठ्याचा हाय, हे मला ठावं होतं. आमच्या गल्लीतला पोरगा खुर्च्या मांडायला होता तिथं. त्यानं सगळं सांगितलं."

"आणि तरी तू चाकणची नोकरी सोडलीस?"

"मी पेढे आणले नसते, तर मालक बँकेत गेले असते का? शेड बंद झाली असती, साहेब. बाकीच्यांनी कुठं जायचं?" तो मोठ्या प्रेसकडे बघत राहिला. "पर आता ऑर्डर येईना. मालकाच्या गळ्यात कर्ज मी बांधलं. रातच्याला झोप लागंना झालीय. लई भ्या वाटायलंय."

एवढ्यात साडू आले. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, हातात पिशवी. त्यांनी सोपानचा चेहरा पाहिला. त्याला नेमकं काय झालंय हे त्यांना कळायचं काही कारण नव्हतं. त्यांनी टपरीवरून आलेल्या चहातला अर्धा त्याच्या कपात ओतला, त्याच्या शेजारी पोत्यावर बसले आणि म्हणाले, "घाबरतोस कशाला रे? मी आहे ना."

हे वाक्य साडूंच्या तोंडून मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. म्हणताना त्यांचा कप बशीवर वाजत होता. सोपानने ते पाहिलं आणि नजर खाली घालून चहा प्यायला लागला.