खांद्याखालची गादी

माझा स्वभाव चांगला नाही, हे आधीच सांगून टाकते. काचीगुड्याला आमच्या घरात विचारा, मी डूख धरते.

मी ऑपरेशन थिएटरची नर्स. रोबोटनं ऑपरेशन असलं की पेशंटला टेबलावर नीट निजवणं माझ्याकडे. त्यात टेबल डोक्याकडून चांगलंच खाली झुकवतात. भूल दिलेला माणूस घसरू नये म्हणून दोन्ही खांद्यांना टेकण लावतात आणि मध्ये जेलची मऊ गादी घालतात. गादी नसली, टेकण मानेकडे सरकलेलं असलं, की हाताच्या नसा दबतात. रोबोटचे हात पोटात गेल्यावर मात्र टेबल तसूभरही हलवता येत नाही. जे काय बघायचं ते आधी.

त्या दिवशी टेबलावर अफझलगंजचे एक म्हातारे शिंपी होते. शेरवानी शिवणारे. भूल देण्याआधी माझ्या बाहीकडे बघून म्हणाले, "ये कौन सिया? टेढ़ी है. अच्छा होके आतूं, सीधी करके देतूं." मला हसू आलं.

टेबल झुकवलं तसे ते थोडे सरकले. डावं टेकण मानेला भिडलं, गादी निसटली. मी म्हटलं, "सर, परत सपाट करून नीट लावते. पाच मिनिटं द्या."

आमचे सर्जन मूळचे पुण्याचे. माझ्या तोंडी 'हो'च्या जागी 'हौ' येतं, त्याची नक्कल करण्यात त्यांना भारी मौज. म्हणाले, "हौ, हौ! एका गादीसाठी पाच मिनिटं? राहू द्या हो सिस्टर, काही होत नाही. जोडा रोबोट."

जोडला. सर कोपऱ्यात रोबोट चालवायच्या यंत्रात डोकं घालून बसले आणि मी तीन तास हिरव्या कापडाखालच्या त्या खांद्याकडे बघत उभी राहिले. हात लावायची सोय नव्हती. मी आणखी जोरात का भांडले नाही, याचा राग मला अजून येतो.

शिंपीचाचा शुद्धीवर आले ते डावा हात लुळा घेऊनच. रिपोर्टात सरांनी लिहिलं, पेशंटला निजवताना नर्सची चूक. मला हत्यारं धुवायच्या खोलीत पाठवलं. चाचा तपासणीला आले तेव्हा मला बघून त्यांनी तोंड फिरवलं. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या! शिक्षा सोसली असती, पण त्या माणसाच्या मनात माझं नाव काळं झालं होतं.

मी वाट बघितली. दोन महिन्यांनी नवे डॉक्टर आले. पेशंट कसा निजवायचा ते त्यांना दाखवायला आमच्याकडे जाग्या माणसाला टेबलावर निजवतात. सर ऐटीत म्हणाले, "मीच झोपतो." निजवायला दुसरं कुणी तयार नव्हतं, म्हणून मला बोलावलं. देव आहे म्हणायचा!

मी पट्टे आवळले. टेकण लावलं, डावं मानेजवळ. गादी घातली नाही. टेबल झुकवलं आणि रिमोट हातात धरून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले.

तिसऱ्या मिनिटाला ते म्हणाले, "सिस्टर, हाताला मुंग्या येतायत. गादी कुठाय?"

"राहू द्या हो सर," मी म्हटलं, "काही होत नाही."

नवे डॉक्टर हसले. सर हसले नाहीत. चेहरा लालबुंद. "अहो, हात बधिर होतोय! वर घ्या!"

"पाच मिनिटं होऊ द्या की."

भूल देणाऱ्या मॅडम पुढे आल्या. "हे असं निजवायला कुणी शिकवलं तुला?"

"सरांनीच. शिंपीचाचांच्या वेळी. विचारा त्यांना."

उलटं डोकं करून पडलेल्या माणसाला खोटं सुचत नाही बहुतेक. "हो, मीच म्हटलं होतं! सोडवा आता!" ते ओरडले. पाच मिनिटं झाली तेव्हाच मी टेबल सपाट केलं. मॅडमनी त्याच आठवड्यात तो रिपोर्ट बदलून घेतला.

नव्या रिपोर्टाचा कागद घेऊन मी थेट अफझलगंजला दुकानात गेले. खोटं कशाला सांगू, मिरवतच गेले. चाचांना सगळं सांगितलं, सरांचं ओरडणं तर नक्कल करून. मशीनवर त्यांचा मुलगा बसला होता. चाचांनी मला बसायला स्टूल दिलं.

"माफ करना बेटी, तुमको गलत समझा," ते म्हणाले. मग विचारलं, "डॉक्टर साब का हाथ कित्ती देर में ठीक हुआ?"

"दस मिनट में, चाचा."

त्यांनी मान हलवली. उजव्या हातानं डावा उचलून मांडीवर नीट ठेवला आणि माझ्या बाहीकडे बघितलं. मग मुलाला म्हणाले, "इनकी बाही तू सीधी कर दे."

परतताना बसमध्ये मला एकच वाटत होतं. त्या सर्जनला तीन तास तसंच ठेवायला हवं होतं.