मेलेल्या राणीला वन्स मोर

गोजराबाईंनी आजवर किती कामं केली असं कुणी विचारलं, तर त्या बोटांवर मोजायला घेतात आणि चौथ्यांदा अंगठ्यापाशी आल्या की "अय्यो, सोडा हो!" म्हणून हात झटकतात. अहो, मोजायची तरी कशी? बाई कृष्ण झाल्या, राधा झाल्या, कृष्णाच्या आईही झाल्या. एकदा कंसाचं काम करणारा नट तापाने फणफणला, तर मिशा चिकटवून कंसही झाल्या! त्या दिवशी बाळकृष्णाच्या कामाला त्यांचीच चार वर्षांची लेक होती. कंसाने तलवार उपसली आणि पोरगी "आई!" म्हणून थेट कंसाच्या गळ्यातच पडली. तंबूतली माणसं हसून हसून लोळली. सगळं नाटक कानडी, आणि त्यात तो एकच शब्द मराठी.

तो शब्द सोडला, तर वयाच्या एकाहत्तराव्या वर्षापर्यंत गोजराबाईंच्या वाट्याला स्टेजवर मराठी आलंच नव्हतं. तुम्ही म्हणाल, बेंगळुरूत जन्म काढलेल्या, कानडी नाटकं करणाऱ्या बाईला मराठीचा एवढा सोस कशाला? तर ह्यांचं घराणं मराठ्यांच्या फौजेबरोबर इकडे आलं, त्याला साडेतीनशेच्या वर वर्षं झाली. तेव्हापासून घरात मराठी आणि दाराबाहेर कानडी. देवाला हात जोडायचे मराठीत, पोरांना धपाटा घालायचा मराठीत, लेकीला सासरी धाडताना रडायचं मराठीत. आणि स्टेजवर रडायची वेळ आली की कानडी, तेलुगू, कधीमधी तमीळ! "दुसऱ्यांच्या भाषेत फार रडले गं," त्या नातीला, भव्याला म्हणायच्या. "एकदा आपल्या भाषेत रडून दाखवायचंय लोकांना."

वडील विठोजी श्री चौडेश्वरी नाटक मंडळीचे पडदे रंगवायचे. कंपनी जाईल तिथे ह्यांचं बिऱ्हाड. देवनहळ्ळीच्या जत्रेत तंबू पडला तेव्हा नऊ वर्षांच्या गोजराने प्रल्हाद केला, आणि गाणं असं ठणकावून म्हटलं की मालकाने दुसऱ्याच दिवशी तंबूबाहेरच्या पाटीवर तिचं नाव घातलं. सोळाव्या वर्षी नायिका, तिशीत खाष्ट सवत, चाळिशीत खट्याळ मोलकरीण. आवाज पांढरी पाचचा, म्हणजे पेटीच्या चढ्या पट्टीतला, माईकबिईक नसताना शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. पुढे घरोघरी टीव्ही आले आणि कंपनी बसली. बाई कुठल्या बसतायत! रेडिओवर श्रुतिका केल्या, शाळांतून मुलांची नाटकं बसवली, एका सांबार मसाल्याच्या जाहिरातीत सासू होऊन गायल्यासुद्धा.

भव्या मारतहळ्ळीला एका आयटी कंपनीत आहे. तिच्या शेजारी बसते नागपूरची वीणा. एके दिवशी वीणा म्हणाली, "आमचा ग्रुप नवीन संगीत नाटक करतोय, मराठीतलं. सगळे आहेत गं, फक्त म्हातारी राणी मिळत नाहीये." भव्याने लॅपटॉप मिटला. "माझी अज्जी पन्नास वर्षं राणी होती," ती म्हणाली. "आता म्हातारी पण आहे."

भव्याने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा गोजराबाई दोडका चिरत होत्या. विळी तशीच उभी टाकून त्या उठल्या, देवापुढे गेल्या, परत आल्या, पुन्हा देवापुढे गेल्या. "मराठी? पुरं मराठी नाटक? बघ हं, माझी थट्टा करशील तर!" त्या दिवशी दोडका कुणी खाल्ला नाही. इडल्या बाहेरून आल्या.

नाटक लिहिलं होतं अजितने. पुण्याचा, अडतिशीचा, हुशार, कामाला वाघ आणि बोलायला सरळ. दिग्दर्शनही त्याचंच. राणीला अकरा वाक्यं होती आणि मरताना एक गाणं. राजकन्येचं काम करणारी वीणा उशाशी बसणार आणि राणी गात गात डोळे मिटणार. गोजराबाईंनी अकरा वाक्यं एका दुपारी पाठ केली. तालीम एका सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये होती. तिथे त्यांनी पहिलं वाक्य टाकलं आणि सगळी मंडळी मोबाईल खाली ठेवून बघत बसली. मग गाणं म्हटलं. गाणं संपल्यावर मात्र अजित मान खाजवत उभा राहिला.

"आजी, आवाज जबरदस्त आहे," तो म्हणाला. "पण तुमच्या मराठीला तो कानडी हेल आहे ना, तो गाण्यात फारच जाणवतो. राणी साताऱ्याकडची आहे."

"काढते की अण्णा. स्वल्प टाइम द्या." वयाने कितीही लहान असला तरी दिग्दर्शक म्हणजे अण्णा, ही त्यांची कंपनीची शिस्त.

त्यांनी जिवाचं रान केलं. भव्याला समोर बसवून एकेक शब्द घासला. पण साडेतीनशे वर्षं मुरलेला हेल तीन आठवड्यांत कसा जावा? प्रयोगाला आठ दिवस राहिले आणि अजितने भव्याच्या फोनवर एक गाणं धाडलं. राणीचंच गाणं, वाद्यांसकट, वीणाच्या आवाजात. खाली लिहिलं होतं, 'आजींनी फक्त ओठ हलवायचे. प्लीज त्यांना वाईट वाटू देऊ नकोस.'

वाईट वाटू देऊ नकोस म्हणे! बासष्ट वर्षं गळ्यावर जगलेल्या बाईला सांगायचं की तोंड तुझं आणि गळा दुसरीचा, आणि वर वाईट वाटू द्यायचं नाही! भव्याचा संताप संताप झाला. "अज्जी, सोड हे नाटक. आत्ता फोन लावते त्याला."

गोजराबाईंनी तिच्या हातातला फोन काढून घेतला. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यांनी लपवलं नाही. "नको," त्या म्हणाल्या. "अकरा वाक्यं तर माझी आहेत ना? ही गेली तर पुन्हा कोण देणार मला? ओठ हलवते. सरी, ठीक आहे, चालू दे."

रविवारी दुपारी चार वाजता जे. पी. नगरच्या नाट्यगृहात पडदा उघडला. पुढे सगळे पुण्या-मुंबईचे, नागपूरचे आयटीवाले, आणि मध्यावर दोन रांगा भरून गोजराबाईंचं माहेर: थोरले भाऊ मालोजी, वय पंचाहत्तर, डोक्याला जरीचा फेटा, आणि त्यांच्यासोबत बावीस माणसं. मेकअपच्या खोलीत गोजराबाई अकरा वाक्यं पुन्हा पुन्हा पुटपुटत होत्या. एवढे प्रयोग केलेली बाई, पण पहिल्या दिवसाच्या प्रल्हादासारखी घाबरली होती!

पण स्टेजवर पाऊल पडलं आणि बाई बदलल्या. पहिल्याच वाक्याला टाळी. चौथ्या वाक्याला हशा. नवव्या वाक्याला राणीने लेकीच्या गालावरून हात फिरवला आणि पहिल्या रांगेतल्या बायका रुमाल शोधायला लागल्या. हेल होता की, चांगला ठसठशीत होता. कुणाचं काही अडलं नाही. गोजराबाईंना वाटलं, ही अकरा वाक्यं संपूच नयेत. ती संपली. विंगेत गाणी-आवाज सांभाळणारा निहार लॅपटॉप घेऊन बसला होता. त्याने बाईंचा माईक बंद केला आणि गाणं सोडलं.

दार लोटू नको पोरी, वारा येऊ दे आत,
माझे राहिले जे गाणे, राहो तुझ्या गळ्यात.

गोजराबाईंनी ओठ हलवले. बेमालूम हलवले, त्यातही त्यांनी कसूर केली नाही. गाणं संपलं, राणीची मान कलली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि मधल्या रांगेतून मालोजी गरजले, "वन्स मोर!" मागोमाग बावीस माणसं ओरडली, "वन्स मोर! वन्स मोर!" पुढे मालोजी सगळ्यांना सांगत फिरले, 'तो आवाज आमच्या गोजराचा नव्हे, हे मला पहिल्याच ओळीला कळलं होतं. मला माझ्या बहिणीचं गाणं ऐकायचं होतं.'

आता इथे कंपनीचा कायदा सांगायला हवा. वन्स मोर आला की गाणं पुन्हा म्हणायचंच. मग पात्र जिवंत असो नाहीतर मेलेलं. मेलेलं असेल तर उठायचं, गायचं आणि पुन्हा मरायचं. होसकोटेला गोजराबाई एकाच पेल्यातलं विष पिऊन चारदा मेल्या होत्या, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. ही सवय हाडात मुरलेली. डोकं काही विचार करायच्या आतच मेलेली राणी टुणकन उठून बसली!

प्रेक्षागृहात हास्याचा स्फोट झाला. निहारची भंबेरी उडाली. त्याच्या यादीत ह्यानंतर लढाईचे नगारे होते. ते दाणदाण वाजले, मग थांबले, मग पुन्हा वाजले आणि पार बंदच पडले. विंगेतून अजित हातवारे करत होता, "झोपा! आजी, झोपा!"

तेव्हा कुठे गोजराबाईंच्या ध्यानात आलं की आपण काय करून बसलो. ही कंपनी नव्हे. इथे मेलेली माणसं उठत नाहीत.  चारशे माणसं समोर, माईक बंद, गाणं बंद. निमूट आडवं व्हावं, लोक हसून विसरतील. त्यांनी उशीवर हात टेकलादेखील. आणि मनात आलं: आता आडवी झाले तर कायमचीच की! मराठीत माझ्या गळ्यातून एक सूर निघाला नाही, आणि पुन्हा कुणी विचारणारही नाही.

त्या उठून उभ्या राहिल्या. डोळे मिटले, पांढरी पाचचा षड्ज लावला आणि सोडला.

काय तो आवाज! माईक नको, वाद्यं नकोत, भिंतींना धडकून परत येत होता. पहिल्या ओळीला हसणारे गप्प झाले. अगदी कानडी हेलातलं 'पोरी', शेवटी किंचित ओढलेलं, जशी ह्या घरांतली आई परसातून लेकीला हाक मारते तसं. लेकीला सासरी धाडताना जे रडू आलं होतं ते आता गळ्यात आलं, आणि गोजराबाईंनी ते अडवलं नाही. पायाशी बसलेल्या वीणाच्या अंगावर सरसरून काटा आला. मघाचं गाणं तिचं होतं; आता कुणालाही ते कळलं असतं. पण पोरगी मनाची मोठी. तिने हळूच 'आ' लावला आणि तंबोऱ्यासारखा तो धरून ठेवला. त्या आधारावर बाईंनी दुसरी ओळ तीन तऱ्हांनी म्हटली, चौथ्यांदा म्हणताना आवाज एवढुसा केला, आणि गाणं संपवून, शिस्तीत उशी सारखी करून, पुन्हा मेल्या.

 आणि जो कडकडाट झाला! मालोजींनी फेटाच हवेत उडवला. आणि ह्या खेपेला वन्स मोर आला तो मधल्या रांगांतून नव्हे. पुढून आला, बाल्कनीतून आला, ज्यांना कंपनी म्हणजे काय हे ऐकूनही ठाऊक नव्हतं अशा पोरापोरींकडून आला. लोक उभे राहून ओरडत होते. वीणा मुसमुसत टाळ्या वाजवत होती.

राणी आडवीच. पण राणीने एक डोळा उघडला, विंगेकडे बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "अजितअण्णा, मरू का गाऊ?"

अजितचा चेहरा रडवेला झाला होता. तो विंग सोडून थेट स्टेजवरच आला, चारशे माणसांसमोर हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, "मरायचं राहू द्या, आजी. गा. तुमच्याच मराठीत गा."