दादीचा संथारा, अक्कांची केळी
"उपाशी राहीसन मरनं, हाई जीव देनंच शे ना?" शेजारच्या अक्का ओट्यावर माझ्या आईला विचारत होत्या. आत नव्वदीला टेकलेल्या माझ्या दादीने संथारा घेतला होता, म्हणजे मरण येईपर्यंत अन्न सोडलं होतं. दर्शनाला येणारे आमचे जैन नातेवाईक तिला भाग्यवान म्हणत. तिची जुनी मैत्रीण अक्का मात्र रोज मळ्यातली केळी घेऊन भांडायला येत. त्या दुपारीही अक्का ओट्यावरून आत आल्या आणि खोलीभर पिकल्या केळ्यांचा वास पसरला. दादीने सगळ्यांसारखी अक्कांचीही हात जोडून क्षमा मागितली. "माफी नको माले. तू खाशी तवयच मी खासू," अक्का म्हणाल्या. कालपासून त्याही जेवल्या नव्हत्या. दादी बोळक्या तोंडाने हसली, "अगं म्हातारे, मी तर निघाले, तुला कसली घाई?" मग निवाडा माझ्यावर सोपवल्यासारख्या दोघी कोपऱ्यात बसलेल्या माझ्याकडे बघू लागल्या. दोघींपैकी कोणाचं बरोबर, हा प्रश्न तो वास आला की मला आजही पडतो. चारचौघांत तोंड न उघडणाऱ्या मी तेव्हा एक केळं सोललं, अक्कांच्या हातात दिलं आणि म्हणाले, "अक्का, तुम्ही खा. जाण्याआधी दादीला ते बघू द्या."