काकूंचं खरं वय

पार्लरवाल्या काकूंनी कात्री हातात घेतली की समोरची बाई चांगली पाच वर्षांनी लहान दिसायला लागायची. स्वतः काकू तर लग्नातच लहान झाल्या होत्या. तो पराक्रम त्यांच्या मावशीचा. सांगून आलेला मुलगा, म्हणजे आताचे काका, काकूंपेक्षा तीन वर्षांनी लहान निघाला आणि मावशीला स्थळ हातचं घालवायचं नव्हतं, म्हणून तिनं बिनदिक्कत भाचीची सहा वर्षं कापली. पुढे कागदोपत्रीही तेच वय चढलं आणि काकू जन्मभर मूग गिळून बसल्या.

एरवी यात कुणाचं काय बिघडतं हो? पण काकूंच्या रक्तात हिपॅटायटिस बी निघाला, तोही जुना, मुरलेला. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, हा विषाणू वर्षानुवर्षं गुपचूप लिव्हरमध्ये राहतो, व्रण पाडतो आणि लिव्हर कडक होत जातं. किती झालंय ते बघायला पूर्वी सुई खुपसून तुकडाच काढावा लागे. पण आता आधी साध्या रक्ततपासणीवरून अंदाज घेतात म्हणे.

रिपोर्ट आले त्या दिवशी काका सोबत होते. बाईंनी कॉम्प्युटरवर आकडे घातले आणि म्हणाल्या, रेघेच्या आत आहे, जेमतेम का होईना. सहा महिन्यांनी या. काकांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी पिशवीसुद्धा उचलली. काकूंनी सहज विचारलं, हे गणित होतं तरी कसं? लिव्हरचे दोन आकडे, प्लेटलेट्स आणि वय, बाई म्हणाल्या. वय जास्त असेल तर उत्तरही वर जातं.

काकू खुर्चीला खिळल्या. उद्या गुपचूप फोन करून सांगावं, असं एकदा मनात आलं. पण उद्या आपल्या तोंडातून ब्रही निघणार नाही, हे त्या पक्कं ओळखून होत्या.

"मी अठ्ठेचाळीसची नाही," त्या टेबलाकडे बघत म्हणाल्या. "चोपन्नची आहे."

बाईंनी काही न विचारता आकडा बदलला. उत्तर रेघेच्या पलीकडे गेलं. लगेच घाबरायचं कारण नाही, त्या म्हणाल्या, पण आता नुसत्या अंदाजावर सोडता येणार नाही. बरगड्यांवर यंत्र टेकवून लिव्हरचा कडकपणा मोजायचा, सुईबिई काही नाही, आणि आजच करून घ्या.

बाहेरच्या बाकावर काका येऊन बसले. चष्मा काढून पुसत राहिले. झालं, संसार संपला, असंच काकूंनी धरलं. आणि मेल्या मावशीचा त्यांना असा काही राग आला म्हणता!

"माझ्यापासून लपवलंस ते लपवलंस," काका शेवटी म्हणाले. "पण आज गप्प बसून घरी आली असतीस तर? मी काय केलं असतं गं?" काकूंना रडू आवरेना.

तेवढ्यात दारातून मदतनीस ओरडली, "लिव्हरची तपासणी, वय चोपन्न, कोण आहे?" सगळा व्हरांडा वळून बघू लागला. काकूंना लाजेनं उठवेना.

काका उठले. "आमच्याच आहेत," ते मोठ्यानं म्हणाले. मग ज्या बायकोला आजवर अगं-तुगंशिवाय हाक मारली नव्हती, तिच्यापुढे हात करून म्हणाले, "चला, उठा."

काकू तो हात धरून आत गेल्या.