ताईंचं मत डेरेककडे

कुठल्याही ऑफिसात किस्से साचतातच. आमच्या ब्रिटिश पार्लमेंटातल्या ऑफिसात ते आठ मिनिटांचे असतात आणि माझे तर सगळेच भीतीचे! घंटा वाजली की खासदारांनी आठ मिनिटांत होकाराच्या नाहीतर नकाराच्या लॉबीत पोचायचं, तेच मतदान, मग दारं बंद. आमच्या खासदार सुजाताताई केमोमुळे घरी. त्यांचं मत त्यांच्या वतीने द्यायचे डेरेक. तेही खासदारच, वय सत्तर, एक गुडघा कामातून गेलेला. ताईंचा निरोप त्यांना पोचवायचं काम माझं.

*

पहिल्याच दिवशी मी चार मेसेज केले, 'ताईंचा होकार'. पाचव्यांदा फोन केला.

"अस्मिता, मला लग्नात होकार देतानाही एवढे रिमाइंडर लागले नव्हते!"

*

एकदा घंटा वाजली आणि डेरेक फोनच उचलेनात. धावत टी-रूम गाठली, तर हे शांतपणे स्कोनला जॅम लावतायत!

"चार मिनिटं आहेत."

"तीन!" मी किंचाळले.

स्कोन माझ्या हातात देऊन ते लंगडत निघाले. घाबरून मी तो अख्खा खाल्ला.

*

सगळ्यात जास्त भीती ताईंच्या वडिलांची, कॉव्हेंट्रीच्या दादांची. प्रत्येक निवडणुकीत सूट घालून पहिलं मत टाकणारे.

"मत म्हणजे काय पार्सल आहे, शेजाऱ्याकडे ठेवायला? आपल्या लोकांना ते कसं मिळालं, ठाऊक आहे ना?"

"दादा, तसा नियम आहे."

"नियम वाचलाय मी. तो माणूस कसा आहे, ते सांग!"



*

मग ताईंचं बिल आलं. घरच्या आजारी माणसाची काळजी घेणाऱ्यांना पगारी रजा. दोन वर्षं त्यासाठी झगडल्या होत्या. पक्षाने ज्याला त्याला मनाप्रमाणे मत द्यायची मोकळीक दिलेली आणि डेरेक कट्टर विरोधात!

"त्यांचं मत होकाराच्या लॉबीत, माझं नकाराच्या," ते म्हणाले. "दोन्हीकडे चालत जाईन."

ताईंचा हॉस्पिटलमधून फोन. "भीती वाटते गं. केमोची नाही, याची."

घंटा वाजली. डेरेक कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होते.

बिल पास झालं. संध्याकाळी दादांचा फोन. मतांची यादी मोबाइलवर उघडून बसले होते.

"सुजाताचं नाव आहे होकारात. पण त्या डेरेकचं? मी दोन्ही याद्या तीनदा वाचल्या."

"दादा, दुसरीकडे पोचेपर्यंत दार बंद झालं."



"त्यांना माझा जय भीम सांग."