केडगावच्या मामीचं लक्ष

केडगावच्या आमच्या मामीच्या हातून दूध उतू गेलं नाही असा दिवस मला आठवत नाही. कॉलेजसाठी मी तिच्याकडे राहायला गेले, तर पहिल्याच सकाळी तिने चहात मीठ घातलं आणि माझी वेणी अर्धी घालून ती कोथिंबीर आणायला निघून गेली. "माझ्या डोक्यात वारं शिरलंय," असं ती स्वतःच हसत सांगायची.

सासरच्यांनी तिला भिजवलेले बदाम चारले, दृष्ट काढली, डोक्यावर ब्राह्मीचं तेल थापलं. तिचं कशात लक्ष नाही, यावर सगळ्यांचं एकमत होतं. मला मात्र एक गोष्ट दिसायची. फाटकाची कडी वाजली की मामी हातातलं काम टाकून दाराकडे बघत उभी राहायची. दूध नेमकं तेव्हाच उतू जायचं.

एकदा कडी वाजली आणि तिचा पदर गॅसवर गेला. थोडक्यात निभावलं. मग मात्र मामा तिला नगरला डॉक्टरांकडे घेऊन गेला. मीही सोबत होते. डॉक्टरबाईंनी लहानपणाविषयी विचारलं, तेव्हा मामी पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाली, "आमचे वडील, तात्या, पिऊन यायचे. कडी कशी वाजती त्यावरनं कळायचं, आज मार हाय का न्हाई. मी थोरली. धाकट्यांना लपवायचं काम माझं."

बाई म्हणाल्या, "काहींचं लक्ष जन्मापासूनच भिरभिरं असतं, काहींचं भीतीत वाढल्यामुळे होतं. पुष्कळदा दोन्ही एकमेकांत गुंतलेलं असतं. पण तुम्ही अजून त्या दारावर पहारा देताय, एवढं नक्की."

"म्हंजी मी येडी न्हाई?" मामीने विचारलं. घरी येईपर्यंत ती रिक्षात रडत होती. मला तिच्याविषयी फार माया वाटली.

मामा अबोल माणूस. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मात्र कडी वाजायच्या आधीच गल्लीच्या कोपऱ्यावरून त्याची हाक आली, "मीच हाय गं!" शेजारणी हसल्या, म्हातारा लाडात आलाय म्हणाल्या. त्याने हाक सोडली नाही. हळूहळू मामी दुधावरची नजर न काढता "या" म्हणायला शिकली. चहात मीठ अधूनमधून पडायचंच, पण माझी वेणी पुरी होऊ लागली.

गेल्या वर्षी साध्या तापाचं निमित्त होऊन मामी गेली. दिवाळीत मी केडगावला गेले होते. गॅसवर दूध तापत होतं. कोपऱ्यावरून सवयीने हाक आली, "मीच हाय..." आणि तिथेच अडखळली.

दुधावरची नजर न काढता मी म्हणाले, "या."